ओकायामाहून निघालेली पिवळी वाट

ओकायामात उतरणारे बहुतेक प्रवासी कोराकुएनची बाग पाहतात, नदीपलीकडचा काळ्या भिंतींचा किल्ला पाहतात आणि पीचमधून जन्मलेल्या मोमोतारोच्या गोष्टीशी जोडलेली किबिदांगो ही मऊ मिठाई घेऊन पुढची गाडी पकडतात. आम्हांलाही ते सगळं करायचं होतं, पण त्याआधी शहराच्या पूर्व भागातल्या एका चौकात जायचं होतं. चारचौघांसारखाच चौक. रस्ता, सिग्नल, फुटपाथ आणि जवळच ओकायामा प्रांताची अंधशाळा. 18 मार्च 1967 रोजी या चौकातल्या फुटपाथवर उंच ठिपक्यांच्या 230 फरश्या बसवल्या गेल्या. जगातल्या त्या पहिल्या. आज विमानतळावर, मेट्रो स्टेशनात, मॉलच्या दारात जी पिवळी, गोळ्यागोळ्यांची फरशी आपण न बघता तुडवत जातो, तिचं कूळ इथलं.

आम्ही तिघं होतो. मी, माझा मावसभाऊ आणि त्याची मुलगी. दादा लहानपणीच दृष्टी गमावलेला, एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेला आणि उभं आयुष्य ठाणे ते सीएसएमटी लोकलने एकट्याने गेलेला माणूस. त्याची मुलगी ओसाकात नोकरीला आहे, जपानी सफाईने बोलते. जपानला जायचं ठरलं तेव्हा दादाने एकच अट घातली होती, "मला देवळं दाखवू नका, स्टेशनं दाखवा." त्यामुळे आमचा प्रवास बराचसा फलाट, जिने, चौक आणि फुटपाथ यांचाच झाला, आणि मला तो आजवरच्या कुठल्याही प्रवासापेक्षा जास्त आवडला.

चौकाच्या कडेला या फरशीच्या जन्माची आठवण म्हणून स्मारक उभारलेलं आहे. दादाने त्यावरून हात फिरवला, पण त्याचा जीव फुटपाथमध्येच अडकला होता. एका पायातला बूट काढून तो मोज्यावरच फरशीवर उभा राहिला. टाच टेकवली, चवडा टेकवला, मग पाय हळूच पुढे सरकवला. "हे ठिपके," तो म्हणाला, आणि दोन पावलांनी, "ह्या रेघा." पुढे तो आपणहून बोलत राहिला. "ठिपक्यांवर पाय पडला की थांबायचं. रेघा लागल्या की त्या जिकडे जातील तिकडे चालायचं. एवढंच तर व्याकरण आहे, पण ते पक्कं पाहिजे गं."

ते पक्कं व्हायला मात्र बरीच वर्षं गेली. सेइइची मियाके हे ओकायामात यात्रीनिवास चालवणारे गृहस्थ. रस्ता ओलांडताना एक अंध माणूस गाडीखाली येता येता वाचला, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. शिवाय त्यांचे मित्र हिदेयुकी इवाहाशी यांची दृष्टी जात चालली होती. इवाहाशी ओसाकाच्या 'निप्पॉन लाइटहाउस' या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे. शेवाळ कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते हे बुटातूनही कळतं, असं त्यांच्या बोलण्यात आलं आणि मियाकेंना वाट सापडली, असं सांगतात. डोळे नसलेल्या माणसाच्या हातात काठी होती, कानांत रस्त्याचे आवाज होते. पण पाय सबंध दिवस जमिनीला लागलेले असूनही त्यांना कुणी काही सांगत नव्हतं. मियाकेंनी 1965 मध्ये ही फरशी तयार केली, भावाला हाताशी धरलं, पदरचे पैसे घातले, आणि मागणी नसतानाही गावोगावच्या कारभाऱ्यांना ती पटवत राहिले.

याच सुमारास, 1969 साली, अमेरिकेत पॉल बाख-इ-रीता यांनी एक प्रसिद्ध प्रयोग जाहीर केला. दातांच्या डॉक्टरकडे असते तशा खुर्चीच्या पाठीत त्यांनी थरथरणाऱ्या 400 टोकांची जाळी बसवली. समोरच्या कॅमेऱ्यात जे दिसेल त्याची आकृती ती टोकं बसणाऱ्याच्या पाठीवर उमटवत. सरावानंतर अंध माणसांना समोरची वस्तू ओळखता येऊ लागली. एका इंद्रियाचं काम दुसऱ्याकडून करून घेता येतं, मेंदूला ते शिकवता येतं, हे त्या खुर्चीने दाखवून दिलं. विज्ञानाच्या इतिहासात तिला मान आहे आणि तो रास्तच आहे. पण मला त्या चौकात उभं राहून वाटलं, ती खुर्ची जड होती, एकाच खोलीत होती आणि एका वेळी एकाच माणसाची होती. मियाकेंच्या फरशीवरून त्या दिवसापासून कुणीही चालू शकत होतं. तिच्यासाठी नाव नोंदवायचं नव्हतं, पैसे भरायचे नव्हते, बॅटरी घालायची नव्हती. पुढच्या सगळ्या प्रवासात मी जे जे यंत्र पाहिलं ते नकळत याच मापाने मोजत गेले.

ओकायामाहून बुलेट ट्रेनने ओसाका पाऊण तासावर. शहराच्या दक्षिणेला हानवा मार्गावर आबिकोचो नावाचं स्टेशन आहे. 1970 मध्ये रेल्वेच्या फलाटावर ही फरशी पहिल्यांदा बसवली गेली ती इथे, कारण याही स्टेशनाजवळ अंधशाळा होती. आज तिथे मुद्दाम थांबून पाहावं असं वेगळं काही नाही. पण जपानमधल्या कुठल्याही फलाटाची कड नीट पाहायची तर कुठेतरी वाकावं लागतं, आणि मी तिथे वाकले. ठिपके साधारण रुपयाच्या नाण्याएवढे, उंची जेमतेम 5 मिलिमीटर, माथा सपाट. एका फरशीत पाच गुणिले पाच. मियाकेंच्या पहिल्या फरशीत सात गुणिले सात होते. नंतर गावोगाव वेगवेगळ्या आकारांच्या, वेगवेगळ्या अंतरांवर ठिपके असलेल्या फरश्या निघाल्या आणि पायांचा गोंधळ होऊ लागला. म्हणून 2001 साली जपानने मोजून-मापून एकच मानक ठरवलं. 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही आलं.

वाकल्यामुळे आणखी एक गोष्ट दिसली. ठिपक्यांच्या पट्ट्याला फलाटाच्या आतल्या बाजूने एक उंच रेघ जोडलेली असते. दादाला मी ती सांगितली, तर त्याने काठीचं टोक तिच्यावर दोनदा सरकवलं आणि थबकलाच. ठिपक्यांचा नुसता पट्टा एवढंच सांगतो की धोका जवळ आहे. धोका डावीकडे की उजवीकडे, हे तो सांगत नाही. गर्दीत धक्का लागला, दिशा फिरली आणि माणूस पट्ट्यावर उभा असला, तर सुरक्षित बाजू समजून तो रुळांकडेच पाऊल टाकू शकतो. ही रेघ ज्या बाजूला आहे तिकडे फलाट. एका रेघेचं काम. "हिच्यासाठी मी इथवर आलो असं समज," दादा म्हणाला.

अशी रेघच काय, साधे ठिपकेही फलाटांवर सहज आलेले नाहीत. टोकियोत आम्ही यामानोते या वर्तुळाकार मार्गावरच्या ताकादानोबाबा स्टेशनला गेलो. या भागात जपानचं ब्रेल ग्रंथालय आहे, 1940 मध्ये काझुओ होन्मा या स्वतः दृष्टिहीन असलेल्या गृहस्थांनी सुरू केलेलं. त्यामुळे पांढरी काठी घेतलेली माणसं इथे जितकी दिसतात तितकी टोकियोत क्वचितच दुसरीकडे दिसत असतील. 1973 साली याच स्टेशनाच्या फलाटावरून एक अंध माणूस पडला आणि गाडीखाली गेला. फलाटाच्या कडेला तेव्हा ठिपके नव्हते. कुटुंबाने तेव्हाच्या सरकारी रेल्वेवर दावा लावला. खटला वर्षानुवर्षं चालला आणि अखेर समझोता झाला. त्या दाव्यामुळे फलाटावरची ठिपक्यांची फरशी ही दयेची नव्हे, जबाबदारीची बाब झाली. जपानी अंध लोक फलाटाला कठडा नसलेला पूल म्हणतात. आता यामानोतेच्या फलाटांवर सरकती दारं बसली आहेत. गाडी थांबल्याशिवाय ती उघडत नाहीत, म्हणजे पुलाला कठडा आला. इथे गाडी सुटताना अॅस्ट्रो बॉयचं संगीत वाजतं. दादाने ते एकदा ऐकलं आणि संध्याकाळी आम्ही परत त्याच मार्गावरून जाताना, मी पाटी वाचायच्या आतच, "बाबा स्टेशन आलं," म्हणून मोकळा झाला. पाहणाऱ्याला नावाची पाटी, ऐकणाऱ्याला नावाची धून.

कानांची ही सोय टोकियोत सगळीकडे भरलेली आहे, फक्त आपल्याला ती माहीत नसते. तिकिटाच्या फाटकापाशी सतत एक दोन सुरांची घंटी वाजत असते. ती असते फाटक कुठे आहे ते सांगायला. फलाटावर कुठूनतरी पाखरं ऐकू येतात. पाखरं नाहीत, जिन्यावर बसवलेला ध्वनिक्षेपक असतो, वर जायची वाट इकडे आहे म्हणणारा. सरकता जिना स्वतः बोलतो, वर जाणारा की खाली जाणारा ते सांगतो. स्वच्छतागृहाच्या दाराशी उभं राहिलं की पुरुषांचं कुठल्या हाताला, स्त्रियांचं कुठल्या हाताला हे आवाज सांगतो. जिन्याच्या कठड्याच्या टोकाला ब्रेलमध्ये फलाट क्रमांक असतो. तिथे दादाची बोटं टेकली की आमचा खोळंबा ठरलेला, कारण ब्रेल जपानी, आणि तो प्रत्येक वेळी लेकीला विचारून अक्षर पाठ करायला बघायचा.

सिग्नलचा आवाज मात्र निवांत ऐकावा. रस्ता ओलांडायला हिरवा दिवा लागला की पक्ष्यांसारखी शीळ सुरू होते. एका दिशेच्या वाटेला 'पियो पियो', आडव्या दिशेला 'काक्को', म्हणजे कुठला दिवा हिरवा आहे ते आवाजावरून कळतं. पूर्वी इथे गाण्यांच्या चाली वाजायच्या, त्या बहुतेक ठिकाणी गेल्या, कारण चालीवरून दिशा कळत नाही. नव्या पद्धतीत रस्त्याच्या दोन टोकांना दोन क्षेपक असतात आणि ते एकमेकांना उत्तर देतात. इकडून एकदा 'पियो', तिकडून 'पियो पियो', परत इकडून. दादा मधोमध चालत होता, आणि समोरच्या आवाजाला नाक लावल्यासारखा सरळ पलीकडे पोचला. पलीकडे पोचल्यावर म्हणाला, "रस्त्याची रुंदी ऐकू आली." काही चौकांत झेब्रा पट्ट्यांच्या मधून ठिपक्यांची एक रांगही काढलेली असते, पाय भरकटू नये म्हणून.

या आवाजांना दुसरी बाजू आहे, आणि ती गंभीर आहे. चौकाशेजारी राहणाऱ्यांना रात्रभर शीळ नको असते, म्हणून जपानमधले पुष्कळसे आवाज संध्याकाळनंतर सकाळपर्यंत बंद ठेवले जातात. डिसेंबर 2018 मध्ये टोकियोच्या कोमागोमे स्टेशनजवळ एक अंध गृहस्थ उजाडायच्या आधी रस्ता ओलांडत होते. दिव्याचा आवाज त्या वेळेला बंद होता. गाडीची धडक बसून ते गेले. शेजाऱ्याची झोपही खरी आणि पहाटे कामावर निघालेल्या माणसाचा जीवही खरा. यातून जो मार्ग काढला जातो आहे तो असा, की सिग्नलच्या खांबावरून ब्लूटूथने फोनकडे निरोप जातो, आणि फोन त्या एकाच माणसाला दिव्याचा रंग सांगतो, लागला तर हिरवा दिवा थोडा जास्त वेळ ठेवतो. युक्ती चांगली आहे. तरीही मला ती अपुरी वाटते. ज्याच्याकडे तसा फोन नाही, ज्याला ते अॅप चालवता येत नाही, त्याच्यासाठी तो चौक पहाटे मुकाच राहतो. आवाज अगदी हळू का होईना, पण पहाटेही असलाच पाहिजे, या मताची मी आहे.

फोन आणि फरशी यांची सांगड घालायचा एक प्रयत्न मात्र मला मनापासून पटला. टोकियो मेट्रोच्या काही स्टेशनांत 2021 पासून 'शिकाइ' नावाची सोय आहे. पिवळ्या फरश्यांच्या काही मोक्याच्या जागी क्यूआर कोड चिकटवलेले असतात. फोनचा कॅमेरा खाली धरून चालायचं, कोड दिसला की आवाज येतो, इतके मीटर सरळ, मग उजवीकडे, पुढे जिना. फरशीला एक मोठी अडचण जन्मापासून आहे. ती 'चल' आणि 'थांब' सांगते, पण वाट कुठे जाते हे सांगत नाही. जिथे चार रेघा एकत्र येतात तिथे ठिपके लागतात, माणूस थांबतो, आणि पुढे कुठली रेघ धरायची हे त्याला आधीच पाठ असावं लागतं. कोडने ती उणीव भरून निघते. आणि फोन बंद पडला तरी पायाखालची रेघ असतेच. शिवाय बूट आहेत. होंडा कंपनीतून बाहेर पडून सुरू झालेल्या 'आशिरासे' या छोट्या उद्योगाने बुटाला लावायचं उपकरण काढलं आहे. वळायचं असेल त्या बाजूला पायाला थरथर जाणवते, त्यामुळे कान रस्त्याच्या आवाजाला मोकळे राहतात. अंध माणसाच्या कानात इयरफोन कोंबणं म्हणजे त्याचे डोळे दुसऱ्यांदा बांधणं आहे, हे दादा पूर्वीपासून तावातावाने सांगत आलेला आहे.

हे झालं न दिसणाऱ्यांचं. न ऐकू येणाऱ्यांसाठी उएनो स्टेशनात 2022 मध्ये काही महिने एक प्रयोग चालला होता. आम्ही गेलो तेव्हा तो संपून गेलेला होता, पण त्याबद्दल वाचल्यापासून तो माझ्या मनातून जात नाही. कावासाकीच्या मूकबधिर शाळेतल्या मुलांबरोबर बसून फुजित्सु, जेआर ईस्ट रेल्वे आणि दाइ निप्पॉन प्रिंटिंग यांनी तो उभा केला. नाव 'एकिमातोपे'. फलाटावरचे आवाज मायक्रोफोन ऐकतात, कुठला आवाज कशाचा हे संगणक ओळखतो, आणि पडद्यावर तो आवाज अक्षरांत उमटतो. गाडी येताना तिची घरघर मोठ्या हलत्या अक्षरांत, दार लागतानाची घंटा वेगळ्या अक्षरांत, घोषणा शब्दांत आणि सोबत खुणांच्या भाषेत. आधी सुगामो स्टेशनात 2021 मध्ये तो थोडे दिवस लावून पाहिला होता. घोषणा लिहून दाखवणं हे काही नवं नाही. नवं हे, की गाडीचा आवाज कसा असतो हेही मुलांना दाखवलं. फलाट म्हणजे नुसती सूचनांची जागा नाही, तिथे गडगडाट असतो, पाखरं असतात, शिट्टी असते. ज्याला ते कधी ऐकू आलं नाही त्याचाही त्यात वाटा आहे, हे कुणाला तरी सुचलं.

फुजित्सुचंच दुसरं उपकरण 'ऑन्टेना'. केसांना किंवा बाहीला लावायची क्लिप. 60 ते 90 डेसिबलमधला आवाज ती 256 पायऱ्यांच्या थरथरीत आणि प्रकाशात बदलते. 2019 पासून ते मिळतं आणि बधिर मुलांच्या शाळांत वापरलं जातं. जपानी ढोल वाजताना सगळ्या मुलांच्या केसांत एकाच लयीत दिवे लागतात. ही वस्तू अंगावरची आहे, तरी मला ती सार्वजनिक वाटते, कारण सगळ्यांना एकाच वेळी एकच ताल मिळतो.

आता फरशीबद्दलचं गाऱ्हाणंही सांगितलं पाहिजे, कारण जपानमध्ये ते उघडपणे बोललं जातं. चाकाच्या खुर्चीला 5 मिलिमीटरचे ठिपके हिसके देतात. म्हाताऱ्या माणसांचा पाय अडखळतो. बाळाची गाडी, सामानाची बॅग खडखडते. पिवळा रंग डोळ्यांत खुपतो म्हणून काही देखण्या इमारतींच्या आवारात राखाडी फरशीवर राखाडी ठिपके किंवा स्टीलच्या कळ्या बसवतात. पण ज्यांना थोडंसं दिसतं अशा लोकांना ठिपक्यापेक्षा त्या रंगाचाच आधार असतो. पूर्ण अंध माणसांपेक्षा असे लोक कितीतरी जास्त. रंग काढला की त्यांची वाट पुसली जाते. आणि सायकली! शिस्तप्रिय म्हणवणाऱ्या या देशातही दादाची काठी फरशीवर उभ्या केलेल्या सायकलींवर कितीदा तरी आपटली. 2000 आणि 2006 मधल्या कायद्यांनी स्टेशनं आणि इमारती अडथळामुक्त करणं भाग पाडलं, पण सायकल हलवणं ज्याचं त्यालाच करावं लागतं.

मुंबईशी तुलना केल्याशिवाय दादाचा एक दिवस गेला नाही. पण तो मुंबईला नुसती नावं ठेवत नव्हता. लोकलच्या फलाटावर हँडिकॅपचा डबा जिथे येतो तिथे सतत टीक टीक वाजणारा आवाज असतो. डोळस प्रवाशांना तो ऐकूच येत नाही, इतका सवयीचा. "त्या टिकटिकीवर मी नोकरी केली," असं तो ओसाकात लेकीच्या मित्रांना सांगत होता, आणि सगळे टक लावून ऐकत होते, कारण डब्याची जागा आवाजाने दाखवायची ही कल्पना त्यांना नवी होती. आमच्या उपनगरात गेल्या काही वर्षांत पिवळी फरशी आली आहे. ती एका खांबाला जाऊन भिडते, विजेच्या पेटीपाशी तुटते, पलीकडे परत सुरू होते, आणि वळणावर ठिपक्यांच्या जागी रेघा आहेत. बसवणाऱ्याने ती शोभेची टाइल म्हणून बसवली आहे, हे उघड आहे. अर्धी वाट मुळीच नसण्यापेक्षा वाईट, कारण नसलेल्या वाटेवर कुणी विश्वास टाकत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम असणं हा आपल्याकडे हक्क झालेला आहे. आयआयटी दिल्लीने गुडघ्याच्या वरचे अडथळे ध्वनिलहरींनी ओळखून मुठीत थरथर देणारी 'स्मार्टकेन' काढली, ती दादाकडे आहे आणि लोंबत्या फांद्यांपासून तिने त्याचं कपाळ वाचवलेलं आहे. म्हणजे कायदा आहे, बुद्धी आहे, यंत्र आहे. फरशी कुणाच्या पायांसाठी आहे हे ती बसवणाऱ्या मिस्त्रीला सांगितलेलं नाही, आणि काम झाल्यावर एका अंध माणसाला तिच्यावरून चालवून पाहिलेलं नाही. या दोन गोष्टींना जवळपास काहीच खर्च येत नाही.

शेवटचा मुक्काम टोकियोच्या खाडीतल्या ओदाइबा बेटावर, मिराइकान या विज्ञान संग्रहालयात. इथे 2021 पासून संचालक आहेत चिएको आसाकावा. लहानपणी तरणतलावात डोळ्याला इजा झाली, आणि चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. आयबीएममध्ये त्यांनी 1997 मध्ये वेबपानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर केलं. दृष्टिहीन लोक इंटरनेटवर येऊ शकले त्यात त्यांचा मोठा हात आहे. कामासाठी सतत प्रवास करताना त्यांना जाणवलं, की बॅग पुढे ढकलत चाललं तर भिंत किंवा पायरी आपल्याआधी बॅगेला लागते. मग बॅगेलाच रस्ता कळला तर? त्यातून 'एआय सुटकेस' आली. कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेलं काम, पुढे जपानी कंपन्यांच्या गटाने हाती घेतलं. 2024 पासून संग्रहालयात ती रोज वापरून पाहता येते.

दिसायला खरोखर विमानतळावरची चाकांची बॅग. आत लेझरने अंतर मोजणारं यंत्र, कॅमेरे आणि मोटर. मूठ धरली की ती चालू लागते, सोडली की थांबते. वळण्याआधी मुठीतूनच इशारा देते. दादाने काठी घडी करून लेकीकडे दिली. त्याच्या खांद्यात सुरुवातीला ताण होता, हे मागून चालताना मला स्पष्ट दिसत होतं. बॅग एका घोळक्यापाशी थांबली, मुलं बाजूला झाली, बॅग निघाली. पृथ्वीच्या त्या मोठ्या झगमगत्या गोलाखाली येईपर्यंत त्याचे खांदे उतरले होते आणि तो नेहमीच्या ठाणे स्टेशनवरच्या चालीने चालत होता. बॅग त्याला आजूबाजूला काय आहे तेही सांगत होती. अंध माणसाला वाट दाखवणारे पुष्कळ भेटतात, वाटेत काय काय आहे ते सांगणारा क्वचित भेटतो. दुकान, पुतळा, खिडकी, हे डोळसांना फुकट मिळतं.

"बाबा, घरी नेऊया का एक?" लेकीने विचारलं.

"जिने चढते का?"

तिने कर्मचाऱ्याला विचारलं. जिने चढत नाही. वर जायला लिफ्ट लागते.

"मग आमच्या स्टेशनच्या पुलाखाली ती आणि मी दोघंही उभे राहू," दादा म्हणाला. पण त्याने बॅगेची आणखी एक फेरी मागून घेतली, आणि कर्मचाऱ्यांना इतके प्रश्न विचारले, की ते वहीत लिहून घेऊ लागले. फेरी संपल्यावर मूठ किंचित जाड हवी, घामेजल्या हाताला निसटते, अशी सूचना त्याने केली, आणि तीही लिहून घेतली गेली.

कुणी आपल्या घरच्या दृष्टिहीन माणसाला घेऊन जाणार असेल तर काही उपयोगाच्या गोष्टी. पांढरी काठी हातात ठेवा. स्टेशनच्या फाटकापाशी ती घेऊन उभं राहिलं की कर्मचारी येतो आणि कुठे जायचं ते विचारतो. तो प्रवाशाला कोपर देऊन गाडीच्या दारापर्यंत सोडतो आणि उतरायच्या स्टेशनला फोन करून डबा आणि दार कळवतो. तिथे दुसरा कर्मचारी त्याच दारासमोर हजर असतो. यासाठी पैसे लागत नाहीत, मात्र गर्दीच्या वेळी थोडं थांबावं लागतं. मिराइकान मंगळवारी बंद असतं. तिथे युरिकामोमे या चालक नसलेल्या गाडीने जावं, तिच्या फलाटांना पूर्ण उंचीची काचेची दारं आहेत. ओकायामाचा चौक कुठल्याही वेळी पाहता येतो. पायांत पातळ तळाचे बूट घाला.